दोन वेळा 13-10

अमेरिकेतल्या कोलंबस शहरात हल्ली कुठेही बसा, न्हाव्याकडे, गाडीचं ऑइल बदलायला थांबलेल्या लोकांत किंवा मुलांच्या पोहण्याच्या क्लासबाहेरच्या बाकावर, पाच मिनिटांत वाद एकाच प्रश्नावर येतो: 2024 चं वर्ष चांगलं की 2025 चं? प्रश्न ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचा आहे, आणि तो पडण्याचं कारणही तसंच आहे. 2024 च्या नोव्हेंबरात ही टीम घरच्या मैदानात कट्टर वैरी मिशिगन विद्यापीठाकडून 13-10 अशी हरली. हरायला नको होतं असं नाही, हरणं अशक्यच आहे असं सगळे धरून चालले होते. मग पुढच्या सात आठवड्यांत याच टीमने टेनेसी, ओरेगन, टेक्सास आणि नोत्र देम अशा चार टीमना ओळीने लोळवून 20 जानेवारी 2025 ला राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. पुढच्या वर्षी नेमकं उलटं झालं. 29 नोव्हेंबर 2025 ला मिशिगनच्या गावी, ॲन आर्बरला जाऊन, पडत्या बर्फात, मिशिगनला 27-9 असं हरवलं, आणि त्यानंतर इंडियानाकडून एक चषक गेला, मायामीकडून दुसरा. जणू कोणी मुद्दाम प्रयोग मांडला: एका वर्षी चषक द्या आणि मिशिगन काढून घ्या, दुसऱ्या वर्षी मिशिगन द्या आणि चषक काढून घ्या. बघू, लोक काय म्हणतात!

लोक फार वाईट रीतीने म्हणताहेत, अशी माझी तक्रार आहे. एक गट म्हणतो, विजेतेपद मिळालं तेव्हाच मिशिगनचा हिशेब मिटला, आता रडगाणं बंद करा. दुसरा गट म्हणतो, मिशिगनला हरवता येत नाही तो कोच काय कामाचा, चषक असो नसो, त्याला घालवायलाच हवा होता. दोन्ही गट तावातावाने भांडतात, पण चूक एकच करतात. दोघेही मिशिगनच्या सामन्याला हुंडी समजतात. पहिल्यांना ती चषकाच्या बदल्यात वटवायची आहे, दुसऱ्यांना कोचच्या नोकरीच्या बदल्यात. माझं म्हणणं साधं आहे: ही हुंडी कुठेच वटत नाही. मिशिगनशी हरलं की हरलं. ते कशाने भरून निघत नाही, आणि भरून निघत नाही हीच त्या सामन्याची किंमत आहे.

पुढे जाण्याआधी, ज्यांना कॉलेज फुटबॉल म्हणजे गॅदरिंगच्या आधीचे आंतरमहाविद्यालयीन सामने वाटतात त्यांच्यासाठी दोन शब्द. अंडाकृती चेंडूचा हा खेळ. ओहायो स्टेटचं स्टेडियम घोड्याच्या नालेसारखं आहे आणि त्यात लाखावर माणसं बसतात. ॲन आर्बरचं त्याहून मोठं. या दोन विद्यापीठांची पहिली मॅच 1897 मध्ये झाली आणि 1918 पासून ती दरवर्षी होते. एकाच वर्षी, 2020 मध्ये, कोविडमुळे हुकली. त्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवर जिथे जिथे इंग्रजी 'एम' असेल तिथे लाल पट्टीची फुली मारतात. ही साथ ऑफिसातही येते. माझ्या टेबलावरच्या नावाच्या पाटीत दोन एम आहेत, त्यामुळे नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात मी कायम अर्धामुर्धा उरतो. आणि मिशिगनला हरवलं की प्रत्येक खेळाडूला मिळते ती सोन्याची इवलीशी चड्डी. हो, चड्डीच. 1934 मध्ये नवे कोच फ्रान्सिस श्मिट म्हणाले होते की मिशिगनवालेही आपल्यासारखेच एकेक पाय घालून चड्डी चढवतात, त्यांना कसलं घाबरायचं? त्या वर्षी 34-0 ने जिंकले आणि ही लॉकेटएवढी चड्डी सुरू झाली. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच असली की पेठेत काय वातावरण असतं ते बघत वाढलेल्या माणसाला यातलं काहीच वेडेपणाचं वाटलं नाही.

आता पहिल्या गटाचं म्हणणं, त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी. चषकवाल्यांची बाजू लंगडी नाही. चार बलाढ्य टीमना ओळीने हरवणं हे एका शनिवारी एका टीमला हरवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. त्यातलं ओरेगन तर अव्वल मानांकित होतं आणि तोवर अपराजित. त्यांच्यावर एका टप्प्याला 34-0 अशी आघाडी होती. सोन्याची चड्डी जशी खेळाडूंचं स्वप्न, तशी राष्ट्रीय विजेतेपदाची अंगठीही. जॅक सॉयरचंच बघा. हा कोलंबसजवळच्या पिकरिंग्टनचा पोरगा, गावातलाच म्हणा ना. उपांत्य सामन्यात टेक्सास बरोबरीच्या दारात उभं असताना याने त्यांच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, हातून चेंडू उडवला, स्वतःच उचलला आणि 83 यार्ड पळत जाऊन टचडाउन केलं. त्या धावेची किंमत मिशिगनच्या एका सामन्यापेक्षा कमी कशी म्हणायची? मी म्हणत नाही. पण याच सॉयरने सहा आठवडे आधी, हरल्यावर, मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मध्यावर आणलेला झेंडा काठीवरून ओरबाडून काढला होता. चार वर्षं तो ओहायो स्टेटकडून खेळला, चारही वर्षं मिशिगनशी हरला. त्याच्याकडे अंगठी आहे. चड्डी नाही, आणि आता कधीच येणार नाही. त्याच्या अंगठीत ती चड्डी वितळून मिसळली आहे असं कोणी म्हणू शकेल का?

'विजेतेपद सगळं धुऊन काढतं' हा दावा जुन्या अनुभवावरही टिकत नाही. 1996 मध्ये जॉन कूपर यांची टीम अपराजित होती. घरच्या मैदानात मिशिगनने 13-9 असं हरवलं. मग त्यांनी 1 जानेवारी 1997 ला रोझ बोल हा हंगामानंतरचा मानाचा सामना जिंकला, ॲरिझोना स्टेटविरुद्ध, 20-17, शेवटच्या मिनिटातल्या थरारक टचडाउनने. आता कोलंबसमध्ये साठीच्या कोणालाही 1996 विचारा. 13-9 निघेल. रोझ बोलची आठवण तुम्हाला करून द्यावी लागेल. याच्या उलट 2001. जिम ट्रेसेल नवे कोच म्हणून आले आणि बास्केटबॉलच्या मॅचला जमलेल्या गर्दीसमोर म्हणाले की आमच्या मुलांचा तुम्हाला अभिमान वाटेल, वर्गात, समाजात, आणि विशेषतः 310 दिवसांनी ॲन आर्बरच्या मैदानावर. ते बोलले तसं जिंकले, 26-20. त्या हंगामाचा हिशेब होता सात विजय, पाच पराभव, म्हणजे इथल्या मापाने भिकार. तरी 2001 ला भिकार म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. पलीकडच्या तीरावरही हेच. 1969 मध्ये बो शेम्बेकलर यांनी आपल्या पहिल्याच वर्षी, ज्यांच्या हाताखाली शिकले त्या वुडी हेज यांच्या अजिंक्य ओहायो स्टेटला 24-12 असं पाडलं. पुढे रोझ बोलमध्ये मिशिगन 10-3 ने हरलं. मिशिगनमध्ये 1969 म्हणजे 24-12, बस्स.

यावर कोणी म्हणेल, ही सगळी आठवणींची गंमत झाली, युक्तिवाद कुठाय? युक्तिवाद असा. विजेतेपद ही जागा आहे, ती दरवर्षी कोणाची तरी असते, आणि ती मिळवताना समोर कोण आहे याला फारसं महत्त्व नसतं. टेनेसीच्या जागी जॉर्जिया असती तरी चषक तेवढ्याच वजनाचा भरला असता. वैराचं तसं नाही. तिथे समोरचा बदलता येत नाही. जावेद मियाँदादने 18 एप्रिल 1986 ला शारजात चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारला, तेव्हा आपल्याकडे 1983 चा विश्वचषक होता, 1985 ला मेलबर्नच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानलाच हरवून आणलेला करंडकही होता. त्याने त्या षटकाराचा सल तसूभर कमी झाला का? आणि 1996 च्या विश्वचषकात बेंगळुरूला अजय जडेजाने वकारला धुतलं, वेंकटेश प्रसादने आमिर सोहेलची यष्टी उडवली, त्यानंतर चारच दिवसांनी ईडन गार्डन्सवर श्रीलंकेने आपली धूळधाण केली. बेंगळुरूच्या आनंदाने ईडनची लाज झाकली नाही आणि ईडनच्या लाजेने बेंगळुरूचा आनंद विटला नाही. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी तशाच्या तशा आहेत. एवढं साधं सत्य क्रिकेटमध्ये आपल्याला सहज कळतं, मग फुटबॉलचा विषय निघाला की वजाबाकी का सुरू होते?

माझे एक शेजारी आहेत, निवृत्त शाळा-बसचालक. त्यांच्याकडे एक जाड वही आहे. 1968 पासूनच्या प्रत्येक सामन्याचा गुणफलक तिच्यात पेन्सिलीने लिहिलेला. मी ती वही पहिल्यांदा चाळली तेव्हा 2010 च्या पानावर थबकलो, कारण तिथे 37-7 लिहिलेलं होतं, मिशिगनविरुद्धचा विजय. आता अधिकृत नोंदीत तो विजय नाही. त्या टीममधल्या काही खेळाडूंनी आपली बक्षिसं, त्यांत सोन्याच्या चड्ड्याही, रोख रक्कम आणि टॅटूच्या बदल्यात दिली होती. प्रकरण उघडकीस आल्यावर ट्रेसेल यांना 2011 च्या मेमध्ये जावं लागलं आणि विद्यापीठाने त्या हंगामाचे विजय स्वतःच्याच हाताने रद्द केले. मी म्हटलं, "हे खोडायला हवं ना?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या मुलाचा जन्मदाखला खोडायला सांगत होतो. "मी तिथे होतो," एवढंच म्हणाले. झालेला विजय कागदावरून काढता येतो, लोकांतून काढता येत नाही, हे या शहराला पक्कं ठाऊक आहे. मग झालेली हार चषकाने निघते, हे याच शहराने कुठून शोधून काढलं?

चषकवाल्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि तो इतिहासाचा आहे. ते म्हणतात, या सामन्याला महत्त्व आलं ते त्यावर सगळं अवलंबून असायचं म्हणून. 1975 पर्यंत बिग टेनमधली, म्हणजे ही दोन्ही विद्यापीठं ज्या संघटनेत खेळतात तिच्यातली, एकच टीम हंगामानंतरच्या सामन्याला, म्हणजे रोझ बोलला जायची. 1973 मध्ये तर दोघे 10-10 असे बरोबरीत सुटले, तेव्हा कोणी जायचं हे विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांनी मत देऊन ठरवलं. गेलं ओहायो स्टेट, आणि त्या मतदानाचा राग मिशिगनच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो. आज प्लेऑफला, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीला, बारा टीम जातात. हरलात तरी दार उघडं. मग कारण गेल्यावर कार्य कशाला उरवायचं? मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण 1975 नंतरची वर्षं मोजा. दार उघडून पन्नास वर्षं झाली, दरवेळी ते आणखी रुंद झालं, आणि सामन्याची धग कमी झाली नाही. कूपर यांचा सगळा छळ दार उघडल्यानंतरचा आहे: 13 वर्षांत मिशिगनविरुद्ध फक्त दोन विजय, एक बरोबरी, दहा हारी. म्हणजे महत्त्व रोझ बोलच्या तिकिटात नव्हतं. तिकीट हे फार तर निमित्त होतं.

एक धूर्त उपपत्तीही फिरते: मिशिगनने हरवलं म्हणूनच विजेतेपद मिळालं. त्या दिवशी ओहायो स्टेट मिशिगनच्या अवजड बचावफळीच्या मधोमध पुन्हा पुन्हा धावत राहिलं आणि अख्ख्या मॅचमध्ये धावून 77 यार्ड मिळवले, बाजूला जेरेमाया स्मिथसारखा रिसीव्हर हात पसरून उभा असताना. तीन आठवड्यांनी टेनेसीविरुद्ध पहिल्याच चढाईपासून चेंडू हवेत आणि स्मिथच्या हातात. धडा घेतला हे खरंच आहे. पण ठेच लागली म्हणून शहाणपण आलं, याचा अर्थ ठेच शुभ होती असा लावायचा तर उद्यापासून सगळ्यांनी दगड शोधत चालायला हवं. शिवाय त्या टेनेसीच्या सामन्याला स्टेडियमचा केवढा भाग केशरी झाला होता! रागावलेल्या आपल्याच लोकांनी तिकिटं पाहुण्यांना विकून टाकली होती. हिशेब मिटलेली माणसं असं वागत नाहीत.

आता दुसरा गट, कोचला घालवा म्हणणारा. त्यांची आकडेमोड बरोबर आहे. 2024 चा हंगाम संपला तेव्हा रायन डे यांच्या नावावर 70 विजय आणि 10 पराभव होते, आणि त्या दहांतले चार मिशिगनचे. मिशिगनशी जो जिंकत नाही त्याला शेवटी इथून जावंच लागतं, कूपर साक्षीला आहेत. त्यात डे यांच्या नव्या कराराची रक्कम वर्षाला सरासरी 1 कोटी 25 लाख डॉलर. एवढा पैसा घेणाऱ्याला लोक जाब विचारणारच, त्यात काही गैर नाही. माझा आक्षेप जाब विचारण्याला नाही, एकाच सामन्यावरून वर्षभराचं प्रगतिपुस्तक भरण्याला आहे. कोचची नोकरी ही भरती, प्रशिक्षण, डावपेच, मुलांचं शिक्षण या सगळ्यावरून जोखायची गोष्ट आहे, आणि त्यात मिशिगनही येतं, मोठ्या अक्षरांत येतं. पण 'हरला, हाकला' असं झालं की सामन्याचं दुःखही ऑफिसच्या अप्रेझलसारखं होऊन जातं. वार्षिक आढावा, लक्ष्य पूर्ण नाही, नमस्कार. नवा माणूस आला की दुःख विसरायला मोकळे. म्हणजे हा गट, सामन्यावर सगळ्यात जास्त प्रेम असल्याचं सांगणारा, शेवटी त्याच दुकानात पोचतो जिथे चषकवाले आधीच उभे आहेत.

एका प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही, तेही कबूल करतो. सामन्याला इतकं वजन दिलं की तो उतू जातो. त्या 13-10 नंतर मैदानाच्या मध्यावर झेंड्यावरून हाणामारी झाली, पोलिसांनी मिरीचा फवारा मारला, बिग टेनने दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड केला. मी टीव्हीसमोर होतो, माझी दहा वर्षांची मुलगी शेजारी, आणि डोळे चोळणाऱ्या वीस वर्षांच्या पोरांकडे बघत तिने विचारलं, "बाबा, हे कॉलेज आहे?" मला काही सुचलं नाही. पुढच्या वर्षी ॲन आर्बरला जिंकल्यावर ओहायो स्टेटच्या कोणीही झेंडा रोवला नाही, याने मला थोडं बरं वाटलं, एवढंच सांगू शकतो.

वैर हिशेबात धरायला लागलं की काय होतं याचे पुरावे मात्र दूर शोधायला नकोत. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम 1894 पासून भिडत होते. 2011 नंतर ए अँड एम जास्त फायद्याच्या संघटनेत गेलं आणि 2024 पर्यंत सामना झालाच नाही. ओक्लाहोमातल्या दोन विद्यापीठांचं शतकाहून जुनं वैर 2023 नंतर असंच बंद पडलं. असे निर्णय घेणारी माणसं दुष्ट नव्हती. टीव्हीचे पैसे, प्रवास, प्लेऑफच्या शक्यता, सगळं एका तक्त्यात मांडून त्यांनी बघितलं, आणि वैराचा रकाना इतरांच्या बेरजेपुढे हलका भरला. कोलंबस–ॲन आर्बरचा सामना बंद पडेल असं मला वाटत नाही, दोघे एकाच संघटनेत आहेत आणि टीव्हीवाल्यांचा तो कल्पवृक्ष आहे. पण तो नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारवरून आधी सरकवावा, अशी सूचना अधूनमधून डोकं वर काढतेच, म्हणे तेच दोघे आठवड्याने पुन्हा अंतिम सामन्यात भेटले तर गंमत जाते. 'विजेतेपदापुढे तो सामना म्हणजे काही नाही' असं जे आज हसत हसत म्हणतात, त्यांनी उद्या हा सामना ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी लावला तर कोणत्या तोंडाने ओरडायचं?

इथली माणसं या वैराचं मूळ 1835 च्या टोलेडोच्या भांडणात दाखवतात. ओहायो आणि मिशिगन यांच्यात एका जमिनीच्या पट्ट्यावरून तेव्हा दोन्हीकडची नागरी सैन्यं उभी राहिली होती, आणि अख्ख्या 'युद्धात' नाव घेण्याजोगी जखम झाली ती एका डेप्युटी शेरीफला, खिशातल्या चाकूची. पट्टा ओहायोला मिळाला. मिशिगनला बदल्यात उत्तरेचा द्वीपकल्प दिला, जो तेव्हा कोणाला नको होता आणि ज्यात पुढे तांबं आणि लोखंड निघालं. फुटबॉलचं वैर थेट यातूनच आलं हे मला ओढूनताणून वाटतं, मध्ये साठ वर्षांचा खड्डा आहे. पण एक गोष्ट बघण्यासारखी. नफ्या-तोट्याच्या हिशेबाने मिशिगनचा सौदा उत्तम झाला हे आज शाळेतलं पोरही सांगतं. तरी 1836 च्या सप्टेंबरात ॲन आर्बरला जमलेल्या प्रतिनिधींनी हा सौदा सरळ फेटाळला होता. डिसेंबरात दुसरी सभा भरवून, राज्याच्या तिजोरीत खडखडाट होता म्हणून, तो गळी उतरवावा लागला. त्या माणसांना खाणींचा हिशेब नंतर पटलाही असेल, पण टोलेडो गेलं ते गेलंच.

परवा शेजाऱ्यांकडे गेलो होतो. वही टेबलावरच होती, म्हणून मी ती कसोटीसाठी वापरली. 2024 च्या पानावर मिशिगनपुढचं 13-10 इतकं दाबून लिहिलं होतं की मागच्या पानावर उठलं होतं, आणि त्याच पानावर खाली, नेहमीच्या हाताने, नोत्र देमविरुद्धचं 34-23. मग पुढचं पान. 27-9 च्या खाली इंडियानाचा सामना. बिग टेनचा चषक गेला तो याच सामन्यात, गुणफलक पुन्हा 13-10, ओहायो स्टेटचा एक सोपा फील्ड गोल पुन्हा हुकलेला. पण तिथे नुसतेच आकडे होते, फिकट. मी विचारलं, "हा सामना कुठे झाला होता हो?" त्यांनी चष्मा वर केला. "इंडियानापोलिसला... नाही का?" मग विषय बदलत त्यांनी पान उलटलं. नव्या पानावर अजून काहीच नव्हतं, फक्त तळाशी, बारा सामन्यांची जागा सोडून, पेन्सिलीने लिहिलेलं: 28 नोव्हेंबर, घरी.